प्रसंगात संगीत टाकलं, तरी तो खोटा का वाटतो?

आधी तुम्ही लिहून विचारलेला प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. अठरा मिनिटांचा लघुपट आहे. आई वारल्यानंतर काही महिन्यांनी मुलगा गावाकडच्या बंद घराचं कुलूप काढतो, स्वयंपाकघरात जातो, मिसळणाचा डबा उघडतो आणि कोसळतो. प्रसंग सव्वाचार मिनिटांचा. मध्ये बाहेरून शेजारच्या काकूंची एकच हाक, "कधी आलास रे?" कुलूप उघडल्यापासून शेवटपर्यंत पियानो आणि व्हायोलिन, आणि डबा उघडल्यावर आईचा घुमवलेला आवाज. नटाचं काम चोख, कॅमेरा चांगला, पण बघणारे म्हणतात, 'सीरियलसारखं वाटतं.' संगीत तीनदा बदलून झालं, तरी तेच. मग ध्वनी आणि संगीत प्रसंगात भावना आणतात तरी कशी, आणि इथे काय बिघडलंय?

मी पंचवीसेक वर्षं याच कामात आहे. आधी लोकेशनवर बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक, धरला, मग साउंड एडिटिंग केलं, आता बहुतेक दिवस मिक्सिंगच्या अंधाऱ्या खोलीत जातात. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

तुमचं संगीत बहुधा वाईट नाहीये, ते फार लवकर आलंय. किल्ली कुलपात फिरते आणि व्हायोलिन सुरू होतं. मुलगा अजून उंबऱ्याबाहेर आहे आणि प्रेक्षकाला निरोप पोचलाय की आता रडायचंय. पुढची चार मिनिटं तो बिचारा फक्त तुम्ही आधी सांगितलेलं खरं होतंय का ते बघत बसतो. पहिल्याच मंगलाष्टकाला सगळ्या अक्षता उधळून बसलेल्या पाहुण्यासारखी त्याची गत होते. अंतरपाट दूर होतो तेव्हा हात रिकामा.

'सीरियलसारखं' म्हणजे नेमकं हेच. मी दोन वर्षं दैनंदिन मालिकांचं काम केलंय. सासूने एक वाक्य टाकलं की तीन चेहऱ्यांचे तीन क्लोजअप, तिन्हींवर ढॅण, ढॅण, ढॅण. त्या पैशांवर घर चाललं, त्यामुळे नावं ठेवत नाही. शिवाय तिथे त्याला कारण आहे: बघणारी व्यक्ती कुकर लावताना, भाजी निवडताना मालिका ऐकत असते, तिला मान वर करायची वेळ झाली हे आवाजानेच सांगावं लागतं. तुमचा प्रेक्षक मात्र अंधारात तोंडासमोर बसलाय. त्याला मान वर करायला सांगायची गरज नाही.

आता 'कशी' या भागाकडे येतो.

आवाजाचं काम असं की त्याचं श्रेय चित्राला जातं. खिडकीशी उभ्या माणसाचा एकच दहा सेकंदांचा शॉट घ्या. त्याखाली लोकलचा खडखडाट ठेवा, तो दमलेला दिसतो. लांबून शाळा सुटल्याची घंटा आणि पोरांचा गलका ठेवा, त्याला काहीतरी आठवतंय असं वाटतं. मागच्या खोलीत कुणीतरी कपाट उघडून सामान भरतंय असा आवाज ठेवा, तो भांडून उभा आहे. चेहरा तोच, एक स्नायू हललेला नाही. प्रेक्षकाला विचारलंत तर तो म्हणेल, "काय डोळे होते त्याचे!" आवाजाचं नाव तो घेणार नाही, आणि घेऊही नये. बक्षीस नटाला मिळतं, आम्ही टाळ्या वाजवतो.

हे का होतं? आवाज आणि चित्र एकाच वेळी आले की मेंदू ती एकच घटना धरतो. हे इतकं पक्कं आहे की काही फ्रेमांचा फरकही तो पोटात घालतो. गंमत म्हणजे आवाज उशिरा आलेला त्याला जितका चालतो, तितका आधी आलेला चालत नाही. निसर्गात आवाज कधी आधी येतच नाही, वीज दिसल्यावरच गडगडतं. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे मोठ्या थिएटरात पडद्यापासून ३४ मीटरवर बसलेल्याला प्रत्येक संवाद सेकंदाचा दहावा भाग उशिरा ऐकू येतो, सेकंदाला २४ फ्रेमांच्या हिशेबाने दोनहून जास्त फ्रेम. कुणी तक्रार करत नाही. आमचा सगळा धंदा या भोळेपणावर उभा आहे: नारळ फुटल्याचा आवाज डोकं फुटल्याच्या चित्रावर बसवता येतो तो यामुळेच.

त्यात दोन थर असतात. एक शरीराचा. अचानक मोठा आवाज झाला की माणूस दचकतो, तो मराठी असो की जपानी. खोल घुमणारा आवाज पोटात जाणवतो आणि अस्वस्थ करतो. संथ ठेक्याने श्वास संथ होतो. दुसरा थर शिकलेला, म्हणजे आपण कुठे वाढलो त्यावर अवलंबून. सनई ऐकली की आपल्याला मांडव दिसतो. संबळ वाजला की गोंधळ आठवतो, मग पडद्यावर चित्र कसलंही असो. पियानोचे सुटे सूर ऐकून 'दुःख' वाटतं तेही शिकलेलंच आहे, फक्त ते आपण घरी कमी आणि जाहिरातींतून जास्त शिकलोय. म्हणून ते विम्याच्या जाहिरातीसारखं वाटतं.

इथे एक बारीक गोष्ट सांगतो, कारण तुम्ही पियानो घेतलाय. माणूस रडतो तेव्हा आवाज एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, पायऱ्या उतरत नाही. सारंगी, इसराज, व्हायोलिन, बासरी यांना ही मींड घेता येते, पियानोला येत नाही. त्याची पट्टी दाबली की सूर लागतो आणि तो फक्त विरत जातो. त्यामुळे पियानो आठवण चांगली सांगतो, हुंदका सांगू शकत नाही. 'अमुक राग घेतला की करुण रस आपोआप आला' असं कुणी सांगितलं तर मात्र मान डोलवून पुढे चला. तोच राग द्रुत लयीत, वरच्या पट्टीत, तबल्याच्या जोरकस साथीने वाजवा आणि बघा किती करुण राहतो ते. लय, पट्टी, वाद्याचा पोत, सूर कसा उचलला आणि कसा सोडला, यांवर निम्म्याहून जास्त काम होतं.

पण हे सगळं ज्ञान असूनही प्रसंग फसतात. माझे फसलेत. कारण या सगळ्याच्या आधी एक प्रश्न विचारायचा असतो आणि तो बहुतेक जण विचारत नाहीत: हा प्रसंग आपण कुणाच्या कानाने ऐकतोय? कॅमेरा कुठे ठेवायचा यावर तुम्ही सकाळभर वाद घातला असेल. कान कुठे ठेवायचा यावर पाच मिनिटं तरी बोललात का?

आपल्याकडे हा प्रश्न फार आधी विचारला गेलाय. १९३७ साली प्रभातने 'कुंकू' केला. बोलपट येऊन जेमतेम पाचसहा वर्षं झाली होती, पडदा गाण्यांनी आणि वाद्यवृंदाने भरलेला असायचा, आणि शांतारामबापूंनी पार्श्वसंगीतच काढून टाकलं. उरले ते त्या घरातले आवाज. म्हाताऱ्या विधुर वकिलाशी, काकासाहेबांशी, फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्या घरात वावरते, आणि घरातलं जुनं घड्याळ म्हणजे काकासाहेबांचं वय. हे तिच्या कानाने ऐकलेलं घर आहे. तिथे व्हायोलिन वाजलं असतं तर आपण तिची कीव करून मोकळे झालो असतो. संगीत नाही म्हणून आपल्याला त्या घरात तिच्याबरोबर राहावं लागतं. शांता आपट्यांसारखी गायिका हाताशी असताना असा निर्णय घ्यायला छाती लागते.

याचा अर्थ संगीत वाईट आणि घरगुती आवाज थोर असा घेऊ नका. मला स्वतःला असल्या सोवळेपणाचा कंटाळा आहे. याच्या अगदी उलट उदाहरण देतो.

'पथेर पांचाली', १९५५. हरिहर बऱ्याच दिवसांनी घरी येतो. त्याची मुलगी दुर्गा गेलीय हे त्याला माहीत नाही. तो आणलेल्या वस्तू एकेक करून बायकोला, सर्वजयाला, दाखवतो आणि दुर्गासाठी आणलेली साडी तिच्या हातात देतो. ती इतका वेळ दगडासारखी आहे, आता कोसळते. तिचं तोंड उघडतं आणि तिचा आवाज येत नाही. त्याजागी तारशहनाई येते, वरच्या पट्टीत, पटदीप रागात. संगीत रविशंकरांचं. तारशहनाई म्हणजे कर्णा जोडलेला इसराज म्हणा. गजाने वाजणारं वाद्य, पण आवाज शहनाईच्या जातीचा, चिरत जाणारा.

हा प्रसंग मी विद्यार्थ्यांना दाखवतो तेव्हा एकच विचारतो: इथे वाद्य रडण्याला साथ करतंय का? ते रडण्याच्या जागी आलंय. साथ केली असती तर रडणं आणि वाद्य दोन्ही ऐकू आलं असतं, आणि दोन्ही निम्मं झालं असतं. खरं रडणं काढून घेतल्यावर आपण ते आतून भरतो, आणि प्रत्येकाचं रडणं आपापलं असतं. शिवाय हे वाद्य आईच्याच आवाजाच्या पट्टीत येतं, मींड घेत येतं, म्हणून शरीराला ते रडणंच वाटतं. आणि महत्त्वाचं म्हणजे तोपर्यंत हरिहर बोलतोय त्या भागात संगीत आपल्याला तयार करत बसलेलं नाही. कान कुणाचा? मला विचाराल तर हरिहरचा. बातमी कळल्याक्षणी माणसाला समोरच्याचं रडणं ऐकू येत नाही, कानात काहीतरी दुसरंच सुरू होतं. हे माझं वाचन आहे, तुमचं वेगळं असेल.

आता तिसरा प्रकार: संगीत दृश्याच्या आतलं. नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'मध्ये जब्या या शाळकरी पोराचं कुटुंब गावासमोर डुक्कर पकडायला धावतंय, कोंडीत सापडल्यासारखं झालंय, आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी उभे. डुक्कर काही थांबत नाही. जे सूर लहानपणापासून ऐकताना आपली मान ताठ होते तेच सूर आपण तिथे जब्याच्या कानाने ऐकतो आणि कुठे बघावं ते कळत नाही. एकही नवा सूर रचलेला नाही, एकही वाद्य वाढवलेलं नाही, नुसता कान बदललाय. पार्श्वसंगीताच्या हजार तुकड्यांना जमणार नाही ते शाळेच्या कर्ण्यातून होतं.

त्याच दिग्दर्शकाच्या 'सैराट'चं संगीत अजय-अतुल यांनी हॉलिवूडच्या स्टुडिओत सिम्फनी ऑर्केस्ट्रा घेऊन ध्वनिमुद्रित केलं, हे तेव्हा खूप गाजलं होतं. पूर्वार्ध त्या वाद्यवृंदावर तरंगतो. आणि शेवटी? लहानगं रक्ताची पावलं उमटवत बाहेर येतं, रडतं, आणि ते रडणं ऐकूच येत नाही. माझ्या पुढच्या रांगेत एक बाई पॉपकॉर्नचा पुडा धरून बसल्या होत्या. तो कागद चुरगळल्याचा आवाज मला आजही आठवतो, कारण सगळ्या थिएटरात तेवढाच आवाज होता. ही शांतता दोनअडीच तासांच्या संगीताने विकत घेतलेली आहे. सुरुवातीपासून गप्प असलेल्या चित्रपटाला शेवटी गप्प होता येत नाही.

शांततेचं एवढंच गणित आहे: काहीतरी थांबावं लागतं. गावाकडे लाइट जाते तेव्हा कळतं की पंखा वाजत होता, फ्रिज वाजत होता, शेजारचा टीव्ही वाजत होता. तोवर ते 'शांत घर' होतं. म्हणून टाइमलाइनवरचा आवाज कापून रिकामी जागा सोडू नका. ती शांतता वाटत नाही, प्रोजेक्टर बिघडल्यासारखं वाटतं. 'सैराट'सारखं संपूर्ण शून्य करायचं तर ते आयुष्यात एकदा आणि जाणूनबुजून. एरवी त्या खोलीचा स्वतःचा आवाज, ज्याला आम्ही रूम टोन म्हणतो, तो खाली सतत हवा. शूटिंगच्या दिवशी सगळ्या युनिटला जागच्या जागी उभं करून एक मिनिट घ्यायचा असतो. सगळ्यांना भूक लागलेली असते आणि कुणीतरी नेमकं खोकतं. तरी घ्यायचा.

आता एक गोष्ट माझी. एका छोट्या चित्रपटात असा प्रसंग होता: आई कुकर लावते, मुलीला सांगते, "तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर," आणि देवासमोर बसते. बाहेरच्या खोलीत वडिलांना फोन येतो, नोकरी गेली. मुलगी दारातून ऐकते. दिग्दर्शकाला तिथे चेलो हवा होता, तो रेकॉर्डही झाला होता, वाजवलाही सुंदर होता. मिक्सिंगला आम्ही तो लावला, काढला, परत लावला. रात्री अकराला कंटाळून मी चेलोचा फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायचा खटका, पूर्ण खाली ओढला आणि नुसता कुकर ठेवला. पहिली शिट्टी, दुसरी, मग फोन. तिसरी झाली. कुणी उठलं नाही. चौथी झाली.

चौथ्या शिट्टीला दिग्दर्शक खुर्चीत सरळ बसला. आपल्या घरांत शिट्ट्या मोजायला कुणी शिकवावं लागत नाही, आपण बोलता बोलता मोजत असतो. तिसऱ्या शिट्टीपर्यंत ते घर नेहमीचं होतं, चौथ्या शिट्टीला काहीतरी मोडलं. पाचवीला भात लागल्याचा वास आपल्या नाकात येतो, चित्रात नसलेला. आम्ही पुढे एवढंच केलं: दुसरी आणि तिसरी यांतलं अंतर थोडं वाढवलं, आणि चौथी शिट्टी किंचित दूरची केली, कारण आता आपण मुलीच्या कानाने ऐकत होतो आणि तिचं लक्ष दुसरीकडे होतं. चेलो वाया गेला नाही, तो पुढच्या प्रसंगात, सकाळी वडील डबा घेऊन नेहमीच्या वेळी घराबाहेर पडतात तिथे आला. वादकाला फोन करून सांगायला मात्र मला दोन दिवस लागले.

'शोले'तल्या ठाकूरच्या घरच्या हत्याकांडातली झोपाळ्याची करकर याच जातीची. करकरणारा झोपाळा म्हणजे घर, पोरंबाळं, दुपार. तोच आवाज त्या प्रसंगात ऐकू येत राहतो आणि नकोसा होतो. आवाज बदलत नाही, आपण बदलतो. १९७५ चा चित्रपट, सत्तर एमएमचा भव्य पडदा, स्टिरिओफोनिक ध्वनी, आणि लोकांना आठवतो तो न घातलेल्या तेलाचा आवाज.

तर तुमचं स्वयंपाकघर. मी तिथे असतो तर काय केलं असतं ते सांगतो. पटेल तेवढं घ्या.

कान मुलाचा, हे पहिल्या फ्रेमपासून ठरवून टाका. घराबाहेर तो असताना बाहेरचं जग स्वच्छ ठेवा: साळुंक्या, लांबचा ट्रॅक्टर, रस्त्यावरून जाणारी एसटी. दार उघडून तो आत पाऊल टाकतो तेव्हा बाहेरचं सगळं एकदम बोथट होऊ द्या. बंद घराला स्वतःचा आवाज असतो. पत्र्याचं छप्पर असेल तर उन्हाने पत्रा मधूनच टक्क करतो. माळ्यावर पारवे असतील. हा बदल प्रेक्षकाला जाणवेल, पण सांगता येणार नाही. नळाची टपटप मात्र कृपा करून नको. बंद घर दाखवायचं म्हटलं की प्रत्येकाच्या नळाला गळती लागते.

घर काही महिने बंद आहे म्हणजे मेन स्विच बंद असणार. तो त्याने चालू करावा. जुना फ्रिज एक हिसका देऊन सुरू होतो, वर पंखा किरकिरत फिरायला लागतो. एका बोटाने घर आईने सोडलं होतं तसं परत जिवंत झालं, आणि एक शब्द बोलावा लागला नाही. हा घरघराट पुढे दीडदोन मिनिटं खाली चालू राहू द्या, प्रेक्षक तो विसरेल. मग लाइट जाऊ द्या. गाव आहे, कुणालाही आश्चर्य वाटणार नाही. पण डबा उघडायच्या नेमक्या क्षणी घालवू नका, ते जुळवून आणल्यासारखं दिसतं. चांगली पंधरावीस सेकंद आधी घालवा. फ्रिज थांबतो, पंखा हळूहळू मंदावतो, आणि आता त्या खोलीत मुलाचा श्वास ऐकू येतो. त्या शांततेत तो डब्याकडे वळू दे.

काकूंची हाक तुम्ही लेपलवर, म्हणजे कपड्याला लावायच्या छोट्या माइकवर, जवळून घेतली असणार, म्हणून ती कानाशी बोलल्यासारखी वाटतेय. ती बाहेरची आहे, भिंतीपलीकडची आहे. शक्य असेल तर त्यांना खरंच अंगणात उभं करून, माइक स्वयंपाकघरात ठेवून परत घ्या. ते नसेल जमत तर वरचे सूर कापा आणि थोडं अंतर द्या. आणि व्हायोलिन तिथे असेल तर ती हाक बुडणारच: शब्द कळतात ते व्यंजनांमुळे, ती साधारण १ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतात, आणि व्हायोलिनची धारही तिथेच आहे. संवादाखाली संगीत हवंच असेल तर ते खालच्या सुरांतलं, संथ घ्यावं, नाहीतर लोक दोन्हींपैकी काहीच ऐकत नाहीत. माझं मत विचाराल तर हाक दोनदा येऊ द्या. पहिली त्याला ऐकूच आलेली नाही, आपल्यालाही ती पुसट येते. दुसरी स्पष्ट येते, तेव्हा तो भानावर येतो.

आईचा घुमवलेला आवाज काढून टाका. मेलेली माणसं रीव्हर्बमध्ये बोलतात हे कुणी ठरवलं कोण जाणे. ज्यांची आई गेलीय त्यांना विचारा, तिचा आवाज घुमत येत नाही, तो शेजारच्या खोलीतून आल्यासारखा कोरडा, साधा येतो, आणि म्हणूनच माणूस उठून बघायला जातो.

त्याऐवजी लघुपटाच्या सुरुवातीला परत जा. तुम्ही लिहिलंय की दुसऱ्याच प्रसंगात मुलगा शहरातल्या खोलीवरून आईशी फोनवर बोलतो. आईचा फक्त आवाज आहे. त्या फोनमागे तिच्या कामाचे आवाज भरा: फोडणी, बांगड्या, आणि मिसळणाच्या डब्यातल्या वाटीला छोटा चमचा लागतो तो टिंग. दोनदा. त्याकडे लक्ष वेधू नका. मुलगा "हो हो, ठेवतो" म्हणत फोन ठेवतो, कारण त्याला घाई आहे. मग शेवटी तो डबा उघडतो, चमचा हलतो, टिंग. तोच आवाज, पण फोनमधला पातळ नाही. आता तो खोलीतला, पूर्ण, जवळचा. आई ज्या आवाजात राहायची त्या आवाजाच्या आत तो पहिल्यांदा उभा आहे. यावर व्हायोलिन काय करणार?

संगीत हवं असेल तर ते या टिंगनंतर, आणि लगेच नाही. त्याला रडू द्या, त्याचा खरा आवाज ठेवा, लोकेशनवरचाच. डबिंगमध्ये हुंदके परत घेऊ नका, नट स्टुडिओत माइकसमोर रडतो ते माइकसाठी रडतो. काकूंची दुसरी हाक येऊ द्या. तो डोळे पुसून "आलो" म्हणतो, आणि त्या 'आलो'नंतर तुमच्या व्हायोलिनचा पहिला सूर, तोही पुढच्या, घराबाहेरच्या शॉटवर सरकत जाणारा. पियानो वगळा. तीनपैकी दुसऱ्यांदा केलेला तुकडा वापरा, तुम्ही 'फारच साधा झाला' म्हणून टाकून दिलात तोच. मला वाटतं तो साधा नव्हता, चुकीच्या जागी होता.

हे सगळं झाल्यावर दोन परीक्षा घ्या. एकदा चित्र झाकून नुसतं ऐका: मुलगा कुठे आहे, आत की बाहेर, बसलाय की उभा, कळतंय का? एकदा आवाज बंद करून नुसतं बघा: संगीत ज्या भावनेबद्दल बोलतंय ती चेहऱ्यावर आधीच पूर्ण दिसतेय का? दिसत असेल तर संगीत तेच दुसऱ्यांदा सांगतंय. आणि फोनवरही ऐका, कारण बहुतेक लोक तिथेच बघणार आहेत. २०० हर्ट्झच्या खालचं फोनच्या स्पीकरवर जवळपास नसतंच, तेव्हा फ्रिजची घरघर नुसती खोल ठेवलीत तर ती तिथे ऐकूच येणार नाही, मग ती थांबल्याचंही कळणार नाही. तिला थोडी वरची खरखर द्या, जुन्या फ्रिजला ती असतेच.

एडिटिंग करताना कुठल्या तरी गाजलेल्या चित्रपटाचा तुकडा तात्पुरता लावला होतात का? तुम्ही लिहिलेलं नाही, पण तीनदा संगीत बदलूनही समाधान होत नाही तेव्हा बहुधा हेच असतं. महिनाभर तो तुकडा ऐकून तुमचा कट त्याच्या लयीवर बसलाय, आता दुसरं काहीही परकंच वाटणार. आठवडाभर आवाज पूर्ण काढून कट बघा. प्रसंग चाळीसेक सेकंदांनी लहान होईल असा माझा अंदाज आहे.

आणि डब्याचा आवाज फोलीला, म्हणजे चित्र बघत स्टुडिओत, नव्याने घ्याल तेव्हा स्वतःच्या घरातला डबा चालेल, फक्त वाट्यांमध्ये मोहरी, जिरं, हळद खरोखर भरून घ्या. रिकामा डबा वेगळा वाजतो.